देवघेव विभागातल्या ताईंना, मिसळलेल्या कप्प्याबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

देवघेवीच्या टेबलावर सुतळीला पेन बांधून तुम्ही ठेवलेली आडवी वही भरली. त्या वहीमुळे आणि तिच्या मागच्या कप्प्यामुळे आमच्या वाचनात जे बदललं, त्याबद्दल आम्ही काही सभासद मिळून हे पत्र लिहीत आहोत. ते खुलं ठेवतोय, कारण तुम्ही केलंत ते कुठल्याही वाचनालयाला करता येईल. त्याला ना अनुदान लागतं, ना कार्यकारिणीचा ठराव.

वहीवर मथळा होता ‘सध्या काय वाचताय?’ आत चार रकाने: तारीख, पुस्तक आणि दाखलांक (वाचनालयात दाखल होताना पुस्तकाला मिळालेला क्रमांक), कितव्या पानावर आहात, आणि सगळ्यांत रुंद चौथा रकाना, ‘कुठे अडलात किंवा कशामुळे पुढे सरकलात’. नावाऐवजी सभासद क्रमांक. आणि एक कडक नियम: पुस्तक संपल्यावर नोंद करायची नाही, वाचत असतानाच करायची.

या नियमाचं महत्त्व वही अर्धी झाल्यावर लक्षात येऊ लागलं. पुस्तक संपवून आलेला माणूस ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढंच लिहितो. पुढच्या वाचकाला त्याचा काही उपयोग नसतो. ऐंशीव्या पानावर असलेला माणूस मात्र ‘सरदारांची नावं एकमेकांत मिसळतायत’ किंवा ‘दोन प्रकरणं नुसती वंशावळ, ती ओलांडली की लढाई सुरू होते’ असं लिहून जातो. नाव नसल्यामुळे संकोचही उरला नाही. महायुद्धाचे जाडजूड ग्रंथ नेणारा क्रमांक आणि दर शनिवारी तीन रहस्यकथा नेणारा क्रमांक एकच आहे, हे त्या वहीत उघड दिसत होतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

मग तुम्ही तो कप्पा केलात. पुस्तकं दशांश वर्गीकरणाने, म्हणजे विषयाच्या क्रमांकाने लावली तर पानिपतच्या लढाईवरची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरतात. इतिहास ९५४ मध्ये, कादंबरी आणि कथा ८९१.४६३ मध्ये, युद्धशास्त्र ३५५ मध्ये. दाखलांकाने लावणाऱ्या छोट्या वाचनालयांत तर ती कपाटभर पसरतात. तुम्ही नोंदी जागच्या जागी ठेवल्या, पुस्तकं मात्र टेबलामागच्या एका फळीवर विषयवार आणून ठेवली, आणि मूळ जागी पुठ्ठ्याची पट्टी खोचली: ‘हे पुस्तक विषय-कप्प्यात आहे’. ही पट्टी फार महत्त्वाची. ती नसेल तर वार्षिक मोजणीत तेच पुस्तक ‘गहाळ’ म्हणून निघतं आणि असा कप्पा पुन्हा करायला कुणी धजत नाही.

पहिला गट पानिपतचा होता, आणि त्यातला क्रम तुम्ही ठरवून दिलात. आधी नाना फडणिसांचं आत्मवृत्त. ते काही पानांचंच आहे. नाना तेव्हा अठरा वर्षांचे होते. स्वतः रणावर होते, तिथून वाचले, आणि त्यांची आई मात्र त्या धामधुमीत हरवली. मग ‘भाऊसाहेबांची बखर’, निदान तिच्यातला लढाईचा भाग. मग त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’. मग विश्वास पाटलांची १९८८ ची ‘पानिपत’ कादंबरी. आणि सगळ्यांत शेवटी जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा.

कादंबरी आधी का नाही, याचं उत्तर वहीतल्या नोंदींनीच दिलं. कादंबरी ताकदीची असते तेव्हा तिच्यातले चेहरे मनात पक्के बसतात. नंतर इतिहास वाचताना जे त्या चेहऱ्यांशी जुळत नाही ते खोटं वाटू लागतं आणि पुस्तक बाजूला पडतं. शेजवलकर अगदी पहिले का नाहीत, याचंही कारण तितकंच साधं आहे. ते वाद घालत लिहितात. वाद कशाशी चाललाय हे कळायला आधी बखरीची गोष्ट माहीत हवी. ती माहीत असली की शेजवलकरांचं प्रत्येक पान खिळवून ठेवतं. ती नसेल तर पहिल्या पन्नास पानांतच दम लागतो. ज्यांना याहून खोलात जायचं होतं त्यांना तुम्ही काशीराजाच्या वृत्तान्ताकडे वळवलंत. तो अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, लढाईच्या वेळी दुसऱ्या बाजूला हजर होता आणि त्याने फार्सीत लिहिलं ते सुमारे वीस वर्षांनी. ‘डोळ्यांनी पाहिलं’ आणि ‘लगेच लिहिलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्ही पुस्तक हातात देतानाच सांगत होतात.

पुस्तकांबरोबर फिरणारं ते कार्ड हा या सगळ्याचा कणा आहे. पोस्टकार्डाच्या दुप्पट पुठ्ठा, वरची बाजू उत्तर. उजव्या अंगाने खाली वाहणारी यमुना. तिच्या कडेने वरून खाली कुंजपुरा, कर्नाल, पानिपत, सोनपत, दिल्ली, आणि सोनपतच्या समोर नदीपलीकडे बागपत. बस, इतकंच. मराठ्यांनी ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतला तेव्हा ते दिल्लीच्या बरेच उत्तरेला होते. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. म्हणजे तो त्यांच्या आणि दिल्लीच्या मधे आला. दक्षिणेतून गेलेलं सैन्य उत्तरेला अडकलं आणि अफगाणिस्तानातून आलेलं सैन्य दक्षिणेला उभं राहिलं. हे नकाशाविना वाचणारा हमखास उलटं समजतो, आणि मग पुढचं काहीच जुळत नाही: दिल्लीहून रसद का येईना, लढाईत तोंडं दक्षिणेकडे का होती, हिवाळ्यातला खाली उतरलेला सूर्य दुपारनंतर कुणाच्या डोळ्यांवर आला.

कार्डाच्या मागे लढाईची मांडणी. मराठ्यांची डावी बाजू म्हणजे पूर्व, यमुनेकडची. तिथे इब्राहिमखान गारदी, त्याच्या तोफा आणि कवायती पायदळ, जवळच दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर. मधे सेनापती भाऊसाहेब आणि पेशव्यांचे पुत्र विश्वासराव. उजवीकडे, पश्चिमेला, जनकोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर. समोर इब्राहिमखानाच्या पुढ्यात रोहिले, मध्यावर अब्दालीचा वजीर शहावलीखान, शिंदे-होळकरांच्या बाजूला नजीबखान. कार्ड आडवं धरून शेजवलकर वाचले की गोलाची लढाई का मोडली हे डोळ्यांना दिसतं. गोल म्हणजे तोफा आणि गारदी बाहेरच्या कडेला, घोडदळ आणि बुणगे (सैन्याबरोबरची न लढणारी माणसं) आत, आणि सगळं मिळून सरकायचं. आतलं घोडदळ वेळेआधी उसळून पुढे गेलं की आपल्याच तोफांच्या तोंडासमोर येतं. तोफा गप्प पडतात आणि गोलाला भगदाड पडतं. हे वाचून समजत नाही, पुठ्ठ्यावर शर्टाची बटणं सरकवून समजतं. बटणांची पुडीसुद्धा तुम्हीच कार्डाला टाचली होती.

नावांची यादी वेगळी. सदाशिवराव, भाऊसाहेब, भाऊ हे एकच. अब्दाली, दुराणी, शहा हे एकच. नजीबखान, नजीबउद्दौला आणि नुसता ‘रोहिला’ हे बहुतेक ठिकाणी एकच, पण हाफिज रहमतखान आणि दुंदेखान हेही रोहिलेच, तेव्हा तिथे थांबून कोण ते पाहायचं. सैन्याचे आकडे वाचताना लढते किती आणि बुणगे किती हे वेगळं मांडायचं. दोन पुस्तकांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा बहुधा एकाने दोन्ही एकत्र धरलेले असतात.

तारखांची चिठ्ठी आम्ही आता इतर पुस्तकांनाही वापरतो, म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. म्हणून शके १६८२ ची पौष शुद्ध अष्टमी ही १४ जानेवारी १७६१ ठरते. मराठेशाहीच्या कागदपत्रांतला सुहूर सन, म्हणजे तेव्हाची दरबारी कालगणना, मृग नक्षत्राला बदलतो. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवायचे. तो अरबी शब्दांत आणि एककापासून लिहिलेला असतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, म्हणजेच ११६१. इंग्रजांची कागदपत्रं १७५२ च्या आधीची असतील तर त्यांच्या तारखा मागे असतात, सतराव्या शतकात १० दिवसांनी. शिवकालावरच्या दोन पुस्तकांत दहा दिवसांचा फरक दिसला की कुणाची चूक शोधायच्या आधी हे पाहायचं. पानिपत १७५२ नंतरचं, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

आता नारळीकरांची कथा. ती शेवटी ठेवण्यात तुमचं खरं मर्म होतं. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पडतात. तिथल्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात ते स्वतःच्याच इतिहासाचे खंड उलटून पाहतात आणि इतिहास नेमका कुठे फाटा घेतो ते शोधतात. तो फाटा पानिपतावर निघतो. तिथे विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते. या फरकाचा पुरावा म्हणून कथेत येतं ते बखरीचं पान. ज्याने बखर वाचलीच नाही त्याला ही नुसती गमतीदार कल्पना वाटते. ज्याने तो उतारा आधी वाचलाय त्याच्या अंगावर काटा येतो, कारण एकाच वाक्याचं शेपूट बदललेलं त्याला ओळखू येतं.

आणि तिथेच वहीत सर्वांत मोठा वाद पेटला. शेजवलकर वाचून आलेले क्रमांक लिहू लागले की एका गोळीने काय होणार? अडीच महिने कोंडलेलं सैन्य, उपाशी माणसं, मरतुकडी जनावरं, डिसेंबरात मराठ्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले पडल्यावर गंगा-यमुनेच्या दुआबातून अब्दालीची रसद तोडणारंही कुणी उरलं नव्हतं. विश्वासराव वाचले असते तरी संध्याकाळी खायला काय होतं? दुसरे लिहू लागले की दुपारपर्यंत लढाई तोलात होती, आणि सेनापती हत्तीवरून किंवा घोड्यावरून दिसेनासा झाला की त्या काळची फौज मोडते, तेव्हा गोळीला कमी लेखू नका. आमचा कल पहिल्या बाजूला आहे. पण हा वाद चार पुस्तकं वाचल्याशिवाय घालताच येत नाही, आणि तो घालायला लावला एका विज्ञानकथेने, हे आम्हाला मोलाचं वाटतं. याच लेखकाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. नाव न पाहता कथा पाहायची, हे तिथेही घडलं होतं.

इतिहासाच्या बाजूने आलेल्यांना तुम्ही एक प्रश्न दिलात: ‘या माणसाला ही गोष्ट केव्हा कळली?’ पेशव्यांना पानिपतची बातमी कळली ती सावकारी पत्रातून, जानेवारीच्या अखेरीस, भेलशाजवळ (आजचं विदिशा). मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा सांकेतिक भाषेत. म्हणजे मधले सगळे दिवस नानासाहेब पेशवे अशा सैन्याच्या मदतीला चालले होते जे उरलंच नव्हतं. तोच प्रश्न घेऊन रहस्यकथा उघडली की ती वेगळीच दिसते. तिथेही सगळा खेळ कुणाला काय केव्हा कळलं याचाच असतो. युद्धाच्या कप्प्यातले वाचक रहस्याच्या कप्प्यात सरकले ते या वाटेने.

बाबूराव अर्णाळकरांच्या हजारावर पुस्तकांसमोर नवा माणूस गांगरतो. तुमचा सल्ला होता की क्रम शोधू नका, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे, नायक निवडा. झुंजारच्या दोन, मग काळापहाडच्या दोन, मग धनंजय आणि छोटूच्या. एका बैठकीत एक पुस्तक संपवायचं, कारण ती तशी वाचायलाच लिहिलेली आहेत. निम्म्यावर ठेवून चार दिवसांनी उचलली तर धागा सुटतो. आणि एकाच नायकाच्या पाच सलग घ्यायच्या नाहीत. पाचवीपर्यंत साचा उघडा पडतो आणि चांगल्या गोष्टीवर अन्याय होतो. लष्करी वातावरण हवं असणाऱ्यांना गुरुनाथ नाइकांचा कॅप्टन दीप, जरा मोठा आवाका हवा असणाऱ्यांना सुहास शिरवळकर.

नारायण धारपांचं वेगळं. अर्णाळकरांच्या वेगाची सवय घेऊन धारपांची मोठी कादंबरी उघडली तर ती हातातून सुटते, कारण भीती तिथे सावकाश चढते. म्हणून आधी कथा, मग ‘समर्थ’ हा त्यांचा नायक येतो ती पुस्तकं, आणि मग ‘लुचाई’. ती स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे हे तुम्ही आधीच सांगून टाकलंत. इंग्रजी वाचणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत, हा तुमचा आग्रह अगदी योग्य आहे. धारपांनी मराठी घर, मराठी देवघर आणि मराठी माणसाची श्रद्धा त्या भयात कशी विणली ते तेव्हाच कळतं.

जुन्या रहस्यकथांच्या प्रती टिकवण्याचं तुमचं काम कुणी पाहत नाही, म्हणून त्याबद्दल वेगळे आभार. त्या स्वस्त, लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेल्या. तो कागद आतूनच आंबट होत जातो, पिवळा पडतो आणि कडेने पापडासारखा तुटतो. त्यावर सेलोटेप लावली की चार-पाच वर्षांत टेप सुटते आणि तिचा तपकिरी डिंक अक्षरांवर राहतो. फेव्हिकॉल वाळून कडक होतो, मग पान डिंकाच्या कडेलाच नव्याने तुटतं. तुमची रीत आम्ही लिहून घेतली आहे. गंजलेल्या पिना ब्लेड आडवं सरकवून काढायच्या, ओढायच्या नाहीत. त्याच भोकांतून सुती दोऱ्याने तीन टाके. फाटलेल्या कडेला पातळ टिश्यू आणि मैद्याची पातळ खळ, रोज ताजी, उरलेली टाकून द्यायची. वर-खाली बटर पेपर, मग टीपकागद, आणि रात्रभर जड ग्रंथाखाली दाब. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, पुस्तकं ठासून भरायची नाहीत. डांबरगोळ्यांनी कसर लांब राहते पण बुरशीवर त्यांचा काही परिणाम नाही. बुरशी आली तर ओल्या फडक्याने पुसायची नाही, ती पसरते. सावलीत, मोकळ्या हवेत पूर्ण वाळवून मऊ ब्रशने बाहेरच झटकायची, नाकाला रुमाल बांधून.

पुढचा गट १९६२ च्या भारत-चीन युद्धाचा करूया, असं वहीत सात-आठ क्रमांकांनी लिहिलं आहे. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ पायाला घ्यावं. महायुद्ध हवं असणाऱ्यांसाठी वि. स. वाळिंबे यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ आणि वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ तसंच फळीवर राहू द्या. १९६२ ची कार्डं या वेळी आम्ही करून आणतो. दोन लागतील, कारण अरुणाचलातला नामका चू आणि लडाखमधली रेझांग ला यांच्यात जवळजवळ सबंध हिमालय आहे आणि वाचक ती एकाच खोऱ्यात कल्पितो. पहिल्यावर नामका चूचा चिंचोळा नाला, त्यावरचे क्रमांक दिलेले पूल आणि उत्तरेला उंच थागला धार. आपली ठाणी खाली नाल्याकाठी आणि चिनी वर, एवढं दिसलं की २० ऑक्टोबरच्या सकाळबद्दल फार समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्यावर १६,००० फुटांवरची रेझांग ला खिंड, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, आणि मधली ती धार जिच्यामुळे १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग यांच्या जवानांना मागून तोफखान्याची मदत मिळू शकली नाही. या नकाशांत उंचीच्या रेषा काढाव्याच लागतील, सपाट नकाशा इथे दिशाभूल करतो.

तुकड्यांची उतरंडही कार्डाच्या मागे लिहितो: सेक्शनमध्ये साधारण १० जण, प्लाटूनमध्ये तीसेक, कंपनीत सव्वाशेच्या आसपास, बटालियनमध्ये आठशेच्या घरात, तीन बटालियनची ब्रिगेड. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष ठाण्यावर हजर असलेला आकडा यांच्यासाठी दोन रकाने ठेवतो, दुसरा वाचकाने वाचता वाचता भरायचा. विज्ञानकथा किंवा रहस्यकथांपैकी या गटाच्या शेवटी काय ठेवायचं ते मात्र तुम्हीच ठरवा. ते तुमच्याइतकं नेमकं आम्हाला जमणार नाही. कार्डांचे कच्चे आराखडे येत्या सोमवारी, वाचनालय उघडताना टेबलावर ठेवतो. उंचीचे आकडे लाल शाईने तपासून द्याल ना?

आपले,
विषय-कप्प्याचे वाचक सभासद